पाच म्हणणारा अंगठा

एक बेट होतं. बेटावर नदी होती, नदीच्या काठाला अननसाचे मळे होते, आणि मळ्याला लागून बांबूच्या भिंतींचं एक घर होतं. त्या घरात प्रोसिंग नावाची सून नांदत होती. तिला सासू होती, नवरा होता, पुढे मर्लिंडा नावाची लेक झाली. आणि त्याच घरात मी होते. मी फुटक्या बशीची कपची बोलतेय.

दिसायला मी काही फार नाही. तळहाताहून लहान, पांढरी, मधे निळ्या वेलीचं दीड पान. वेलीचं उरलेलं पान कुठे गेलं ते मला ठाऊक नाही, आणि आता त्याचं काही वाटतही नाही.

बशी म्हणून मी चारच वर्षं जगले. कालिबोच्या बाजारात एका चिन्याच्या दुकानात होते, तिथून प्रोसिंगच्या लग्नात आहेर म्हणून आले. वर्षभर मला फळीवर उभं ठेवायचे आणि सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या सणाला खाली काढून माझ्यात कोंबडी वाढायचे. चौथ्या सणाला मांजराला कोंबडीचा वास लागला. मी फळीवरून निघाले ती जमिनीवर अकरा तुकड्यांत पोचले.

दुसऱ्या गावात बशी फुटली तर सुनेला बोलणी बसली असती. आमच्या गावात बशी फुटली की बाई आधी धार बघते. सासूनं सगळे तुकडे सुपात गोळा केले, खिडकीशी बसली आणि एकेका तुकड्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. सात फेकले. तीन शेजारी दिले. मला मात्र पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं.

"ही चांगली फुटलीय," ती म्हणाली, आणि मला सुनेच्या हातात दिलं.

तिथून माझं खरं आयुष्य सुरू झालं.

आमच्याकडे अननस लावतात तो फळासाठी नाही, पानासाठी. हातभर लांबीचं पान, कडेचे काटे काढलेले, फळीवर उताणं ठेवायचं. डाव्या हातानं दाबून धरायचं आणि उजव्या हातातल्या कपचीनं खरवडत न्यायचं. हिरवी साल निघते, रस निघतो, आणि खालून पांढरे धागे वर येतात. वरचे जाडे धागे माझ्या वाटणीचे. ते उचलले की खालचे रेशमासारखे बारीक धागे करवंटीच्या कडेनं काढायचे. मग धुवायचे, सावलीत वाळवायचे, आणि एका धाग्याच्या टोकाला दुसऱ्याचं टोक बांधत जायचं. ती गाठ इतकी बारीक असते की बांधणारीलाच दिसत नाही, चिमटीला कळते. गाठी मारलेला धागा गुंतू नये म्हणून मडक्यात वाळूचे थर देऊन ठेवतात. त्याचं कापड होतं, कापडाचे सदरे होतात, आणि ते घालून पुरुष लग्नात मिरवतात. त्यांना माझं नाव माहीत असायचं कारण नाही.

मला धरतात ते असं. वरून अंगठा, खालून दोन बोटं. सगळा जोर अंगठ्याच्या मुळातून येतो, मनगटाला तो जिथे जोडलेला असतो तिथून. पन्नासएक वर्षं माझं जग म्हणजे प्रोसिंगचा एक अंगठा. मला दुखणं कळत नाही. भाजलेल्या मातीला ते कुठून कळणार? मला दाब कळतो. म्हणून पुढे जे सांगणार आहे, ते दाबाच्या हिशेबानं सांगते.

प्रोसिंग पन्नाशीच्या पुढे गेली तेव्हा तिचं बिघडलंय हे आधी मला समजलं. दाब सरळ येईना. पान अर्ध्यावर आलं की अंगठा मुळाशी किंचित सरकायचा, बिजागरी सैल झालेल्या दारासारखा, आणि माझी धार तिरपी व्हायची. तिरप्या धारेनं धागा तुटतो. प्रोसिंग तुटलेला धागा बाजूला ठेवायची, पुढचं पान घ्यायची.

मग इतरांना दिसू लागलं. अंगठ्याच्या मुळाशी पायरीसारखं हाड वर आलं. तिला बाटलीचं बूच निघेना, ओलं कापड पिळता येईना. एकदा मी तिच्या हातातून निसटले आणि माझा एक कोपरा उडाला.

शेजारची विसिता ओसरीवर येऊन बसायची. तिचंही काम तेच, तोंड मात्र प्रोसिंगच्या दुप्पट.

"पास्मा आहे तो," विसिता म्हणाली. "तापलेला हात गार पाण्यात घातलास."

"सगळ्याच घालतात."

"सगळ्यांचे हात तुझ्यासारखे नाजूक नसतात. आता काम झालं की हात धुऊ नकोस. खोबरेल चोळ."

दोन वर्षं प्रोसिंगनं काम झाल्यावर संध्याकाळपर्यंत हात धुतले नाहीत. मला तेलाचा वास लागला, पानाच्या रसानं तिची बोटं चिकट राहिली, माश्यांची चैन झाली. अंगठा होता तसाच राहिला. एरवी गावात पास्मा म्हटलं की विषय संपतो. या वेळी संपला नाही, कारण इलोइलो शहरातून सोलिनाप नावाच्या डॉक्टरीणबाई कालिबोला आल्या आणि त्यांनी कामकरी बायकांचे हात तपासायचं शिबिर भरवलं. येताना आपलं हत्यार घेऊन या, असा निरोप होता, म्हणून मीही गेले.

डॉक्टरांनी अंगठ्याचं मूळ धरून हळूच फिरवलं. आतून दळल्यासारखा आवाज आला.

"सांध्यातली गादी झिजलीय," त्या म्हणाल्या. "हाडावर हाड घासतंय."

मग नर्स वही घेऊन पुढे झाली. आईला म्हणतात तसं नानाय म्हणून तिनं हाक मारली. "नानाय, दुखतं किती ते आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे मुळीच नाही. दहा म्हणजे जीव जातो इतकं."

प्रोसिंगनं विचार केला. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण दहापर्यंत तिला चांगलं मोजता येत होतं. दहा म्हणावं तर चारचौघांत तमाशा. दोन म्हणावं तर घरी जा म्हणतील. तिनं मधला आकडा निवडला.

"पाच."

नर्सनं पाच लिहिलं. परत येताना तीनचाकी रिक्षा प्रत्येक खड्ड्यात आपटत होती. प्रोसिंगनं डाव्या हातानं उजवा अंगठा मुठीत घेतला होता, आणि खड्डा आला की तिचा श्वास थांबत होता. मी तिच्या मांडीवर होते. पाच म्हणजे किती, ते मी त्या दिवशी शिकले.

शस्त्रक्रिया इलोइलोला झाली. त्या वेळी मला नेलं नव्हतं, म्हणून जे कानावर पडलं तेवढंच सांगते. अंगठ्याच्या मुळाशी खड्याएवढं एक हाड असतं. ते झिजून वाया गेलं होतं, ते काढून टाकलं. त्या पोकळीत तिच्याच मनगटातल्या दोरीसारख्या शिरेची एक पट्टी घेऊन, गुंडाळी करून बसवली.

विसिताला हे पटेना. "हाड काढलं आणि दोरी भरली?"

"हो."

"मग अंगठा उभा कशावर राहणार?"

"डॉक्टर म्हणाल्या, राहतो."

"माझ्या घराचा एक खांब काढते आणि तिथे दोरीचं वेटोळं ठेवते. बघू राहतं का उभं. आणि घर पडलं तर मी तुझ्याकडे राहायला येईन, सुनेसकट."

त्या दिवसांत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत करवंटीखाली पडून होते. आधी प्लास्टर होतं, मग पट्टी आली. मग मर्लिंडा रोज सकाळी आईसमोर बसायची आणि अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून घ्यायची. "कर. आणखी एकदा. करंगळीला पोचला नाही, पोचव." त्या वेळी मर्लिंडा चाळिशीत होती, नवरा बोटीवर होता तो समुद्रातच राहिला, आणि ती गाठी मारण्यात गावात पहिली होती. माझ्यावर कोळ्यानं जाळं धरलं. मला त्याचं काही वाटलं नाही. फळीवर चार वर्षं उभी राहिलेली बाई मी, थांबणं मला जमतं.

तीन महिन्यांनी प्रोसिंगनं मला उचललं आणि मी खाली पडले. तिला लाज वाटली, तिनं मला घाईघाईनं परत करवंटीखाली सारलं. पाचव्या महिन्यात तिनं अर्धं पान खरवडलं. सहाव्या-सातव्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की अंगठा सरकत नाहीये. वर्ष झालं तेव्हा ती पूर्ण पान एका दमात खरवडत होती.

दाबाचं खरं सांगायचं तर तो पूर्वीसारखा कधीच झाला नाही. तिच्या तिशीतला जोर चार भाग धरला तर आता तीनच भाग आला. अंगठा नखभर आखूडही झाला, मुळाशी एक खळगा राहिला. पण दाब सरळ येत होता. पहिल्या वर्षी आला, तिसऱ्या वर्षी आला, सातव्या वर्षी आला, बाराव्या वर्षीही आला. तिरपी धार नाही, तुटका धागा नाही. नातवंडं मोठी झाली, गाव तिला लोला, म्हणजे आजी म्हणू लागलं, आणि लोला प्रोसिंग दिवसाला चाळीस पानं खरवडत राहिली. तुमच्या वैद्यांत एखादी कपची असती, तर तिनं हेच लिहून दिलं असतं.

पण लोलाच्या तोंडून हे कधी कोणी ऐकलं नाही. आमच्याकडे चांगल्या गोष्टीचं नाव मोठ्यानं घेत नाहीत. घेतलं की दृष्ट लागते. तिला बुयाग म्हणतात. बाळ गुटगुटीत असलं तर बाई म्हणते, काय हे माकड. भात चांगला आला तर शेतकरी म्हणतो, खायला पुरेल कसाबसा. चुकून चांगलं तोंडातून निघालंच तर लगेच "पुवेरा बुयाग" म्हणायचं, म्हणजे दृष्ट परत फिरते. तरी ती फिरेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणून शहाण्या बायका मुळात चांगलं बोलतच नाहीत.

दर वर्षी कालिबोच्या दवाखान्यातली नर्स विचारायची. "लोला, अंगठा कसा आहे?"

"आहे आपला."

"आकडा सांगा."

"पाच."

"गेल्या वर्षीपण पाच होतं."

"हो ना. आहे तिथेच आहे बिचारा."

नर्स लिहायची आणि कागद इलोइलोला पाठवायची. गावातल्या आणखी तिघींचीही तीच शस्त्रक्रिया झाली, त्यात विसिताही होती. खांब आणि दोरीचं बोलणं ती सोयीनं विसरली. जाण्याआधी तिघी, आकडा कोणता सांगायचा, ते लोलाला विचारायला आल्या.

"पाच सांगा," लोला म्हणाली. "कमी नको, जास्त नको."

विसिता एका वर्षी सहा सांगून आली.

"सहा कशाला?" लोलानं विचारलं.

"त्या दिवशी फारच बरं वाटत होतं गं. भीती वाटली."

असं बारा वर्षं चाललं आणि कोणाचं काही बिघडलं नाही. मग मर्लिंडाचा अंगठा गेला.

गाठी मारणारीला जोर लागत नाही, टोक लागतं. अंगठ्याचं टोक आणि तर्जनीचं टोक यांच्यामध्ये केसाहून बारीक धागा धरून वळवायचा. मर्लिंडाचा अंगठा मुळाशी सरकू लागला, आणि तिची गाठ सुटू लागली. आधी ती दुसऱ्यांदा मारायची. मग ओठांत धागा धरून मारायची. मग मडकं समोर ठेवून नुसतीच बसू लागली. त्रेपन्न वय. मागावरच्या बायका विचारायला यायच्या, धागा झाला का? ती म्हणायची, उद्या.

"नानाय, मी तुझ्यासारखी शस्त्रक्रिया करून घेते," ती आईला म्हणाली.

दोघी बसनं इलोइलोला गेल्या. मी लोलाच्या पिशवीत होते. एव्हाना ती कुठेही निघाली की मला बरोबर घ्यायची, बाकीच्या म्हाताऱ्या जपमाळ घेतात तशी.

डॉक्टर सोलिनाप यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मर्लिंडाचा एक्स-रे उजेडासमोर धरला, हात तपासला, मग एक जाड फाइल काढून बराच वेळ वाचली.

"मर्लिंडा, मी तुझी शस्त्रक्रिया करणार नाही," त्या म्हणाल्या.

"का, डॉक्टर?"

"हे बघ. तुझ्या आईचं दुखणं शस्त्रक्रियेआधी पाच. एका वर्षानं पाच. पाच वर्षांनी पाच. बारा वर्षांनी पाच. तुमच्या गावच्या चौघी आहेत, चौघींचं तेच. एकीचं तर मधे सहा झालं होतं. शहरातल्या बायकांना फायदा होतो, मी स्वतः पाहिलाय. पण तुमच्या कामात हाताला जे सोसावं लागतं, त्यापुढे हे टिकत नसावं. चांगला हात कापायचा, सहा महिने घरी बसवायचा, आणि होतं तेवढंच दुखणं परत द्यायचं, हे मला करवणार नाही."

"मग मी काय करू?"

"पट्टी बांध. गोळी घे. आणि गाठी मारणं सोड."

मर्लिंडानं आईकडे पाहिलं. लोला पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. चार तासांच्या वाटेत मर्लिंडानं एकदाच तोंड उघडलं, तेही भात खाणार का, हे विचारायला. घरी आल्यावर तिनं मडकं उचललं, त्यातली वाळू अंगणात ओतली आणि अर्धा धागा हातात घेऊन उभी राहिली.

"नानाय, खरं सांग. तुझा दुखतो का?"

"आहे आपला."

"हे माझ्याशी नको. मी तुझ्या शेजारी झोपते. दिवसाला चाळीस पानं खरवडतेस. पाचात चाळीस पानं होतात?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? कोण ऐकतंय?"

"ऐकणारं कोणी ना कोणी असतंच, इंदाय, माझ्या पोरी. बाराव्या वर्षी तोंडातून शून्य काढू? आहे ते जाईल. माझ्या मावशीनं एकदा डोळ्यांचं कौतुक केलं स्वतःच्या, पुढच्या पौर्णिमेला पडदा आला."

"मावशी ऐंशी वर्षांची होती."

"असू दे. आला ना पडदा?"

मर्लिंडा पायरीवर बसली. तिनं उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. मुळाशी पायरीसारखं हाड वर आलं होतं, आईचं आलं होतं अगदी तिथेच.

"माझा जाऊ दे मग," ती म्हणाली. "तुझा राहू दे."

ती हे भांडणात बोलली नाही, नुसतं सांगितल्यासारखं बोलली. त्या दिवशी लोलानं एकही पान खरवडलं नाही. मला हातात घेऊन बसून राहिली. अंगठा माझ्यावर होता, पण दाब नव्हता.

दोन दिवसांनी तिनं मळ्यातून तीन पानं कापली, काटे काढले, ओल्या फडक्यात गुंडाळली. फळी घेतली, मला घेतलं.

"चल," ती मर्लिंडाला म्हणाली. "बस अजून मिळेल."

डॉक्टरांच्या दारात रांग होती. आमची पाळी आली तेव्हा लोलानं टेबलावरचे कागद बाजूला सारले, फळी ठेवली, पान ठेवलं. नर्स "अहो, अहो" करत पुढे आली. डॉक्टरांनी तिला हातानं थांबवलं.

लोलानं मला धरलं आणि पान देठापासून टोकापर्यंत खरवडलं. हिरवा रस टेबलावर ओघळला. मग दुसरं, मग तिसरं. तिसऱ्या पानाचे धागे तिनं नखानं उचलले आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवले. एकही तुटला नव्हता.

डॉक्टरांनी धाग्यांकडे पाहिलं, मग लोलाचं मनगट हातात घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा होता, त्यावर स्वतःचा अंगठा ठेवून दाबलं.

"दुखतं?"

मी अजून लोलाच्या चिमटीत होते. तिचा दाब इतका वाढला की आणखी एक कोपरा उडतो की काय, असं मला वाटलं. तिनं मर्लिंडाच्या हाताकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"कधीपासून नाही?"

"सहा-सात महिन्यांत थांबलं. तेव्हापासून नाही. पावसातही नाही."

"आकडा सांगा, लोला."

खोलीत पंखा फिरत होता. लोलानं ओठ मिटले, पुन्हा उघडले.

"शून्य," ती म्हणाली. ऐकू येईल न येईल असं. मग जरा मोठ्यानं, मर्लिंडाला ऐकू जावं म्हणून, "शून्य आहे."

"आणि शस्त्रक्रियेआधी किती होतं?"

"नऊ. दहा म्हटलं असतं, पण ही झाली तेव्हा दहा होतं."

मर्लिंडाला हसू आलं आणि ते तिनं तोंडावर हात धरून आवरलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत.

"मग बारा वर्षं पाच का सांगितलंत?"

"डॉक्टर, तुमची आई कुठली?"

"गिम्बाल गावची."

"तुम्ही डॉक्टरकी पास झालात तेव्हा ती शेजारणींना काय म्हणाली?"

डॉक्टरांनी हातातले धागे टेबलावर ठेवले. "म्हणाली, झाली कशीबशी. आता नोकरी कोण देतंय."

"तेच," लोला म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल उघडली आणि पाचांच्या त्या रांगेकडे पाहिलं. मग पुन्हा लोलाचा अंगठा हातात घेतला, वळवला, एकेका बोटाला लावून पाहिला. करंगळीला पोचला. "बारा वर्षं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्याच श्वासात, शिकलेल्या बाईनं म्हणू नये असं वाटून की काय, हळूच म्हणाल्या, "पुवेरा बुयाग."

मग रीतसर तपासणी झाली. चिमटीचा जोर मोजायचं यंत्र आलं. एक्स-रेमध्ये अंगठ्याचं हाड थोडं खाली बसलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, बसतंच, त्यानं बिघडत नाही. जोर तिच्या वयाच्या बाईला शोभेल इतका होता, तरण्या हाताइतका नव्हता. तेही त्यांनी लिहिलं. बाकीच्या तिघींना बोलावून दाराआड एकेकीला विचारलं. विसिता म्हणाली, पावसाळ्यात दोन, एरवी काही नाही. दुसरीचं एक निघालं. तिसरीचा मात्र खरोखरच दुखत होता, आणि तो इतकी वर्षं पाचांच्या गर्दीत कोणाला दिसलाच नव्हता. तिच्यावर आता उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी कालिबोच्या नर्सला कळवलं, यापुढे गावात जाऊन आकडा विचारू नकोस. काय काम करतात, किती करतात, कशानं थांबतात, ते विचार. आणि मर्लिंडाला तारीख दिली.

घरी आल्यावर लोलाचे दिवस वाईट गेले. रोज सकाळी उठल्याबरोबर ती अंगठा हलवून बघायची. गेला का? नव्हता गेला. पान खरवडताना मधेच थांबायची, श्वास रोखायची, पुन्हा सुरू करायची. चाळीसएक सकाळी असं चाललं. दाब रोज सरळच येत होता. मला बोलता आलं असतं तर मी पहिल्याच सकाळी सांगितलं असतं. पण तिनं माझं ऐकलंही नसतं.

मर्लिंडाची शस्त्रक्रिया झाली. प्लास्टर, पट्टी, मग रोज सकाळी समोरासमोर बसणं. या वेळी आई सांगायची आणि लेक करायची. "करंगळीला पोचला नाही. पोचव." पाच महिन्यांनी मर्लिंडानं पहिली गाठ मारली, ती सुटली. दुसरी मारली, तीही सुटली. तिसरी तिनं ओढून पाहिली.

मी आता अंगठ्याएवढीच उरलेय. खरवडून खरवडून माझी धार मागे सरत गेली, वेलीचं ते दीड पान अर्धं झालं. लवकरच मला धरता येणार नाही आणि लोला दुसरी बशी कधी फुटते याची वाट बघेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे. एखादी म्हातारी तुमच्यापुढे बसून "आहे आपला" म्हणाली, तर तिथे थांबू नका. तिच्या हातात तिचं काम द्या आणि बघा.

मर्लिंडाला वर्ष झालं तेव्हा नर्स घरी आली. ओसरीवर लोला पान खरवडत होती, शेजारी मर्लिंडा गाठी मारत होती, मडकं गळ्यापर्यंत भरत आलं होतं आणि मागावरच्या दोघी धाग्यासाठी येऊन बसल्या होत्या.

"कसा आहे अंगठा?" नर्सनं विचारलं.

"चांगला आहे," मर्लिंडा म्हणाली. पुढे काही जोडलं नाही, आवाजही खाली आणला नाही. लोलाचा हात पानावर थांबला. तिनं लेकीच्या अंगठ्याकडे पाहिलं, तो पुढची गाठ वळत होता. गाठ बसली. लोलानं पुन्हा मला पानावर टेकवलं आणि दाब दिला.